आक्कांचा तो अर्धा तास

पत्र:

ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या सासूबाईंचं वय 78, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. चार वर्षांपासून विसरतात. धुळ्याच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, गोळ्या चालू आहेत. गेल्या दिवाळीपासून त्या मला ओळखत नाहीत, ‘ओ बाई’ म्हणून हाक मारतात. आंघोळ, खाऊ घालणं, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडे आहे.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदबाई आल्या. मांड्यांसाठी चुलीवर खापर ठेवलं होतं. आक्का ओट्यावरून उठून आत आल्या, परातीतली कणीक बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ‘आखो तिंबनी पडी.’ (अजून तिंबावी लागेल.) मग खाली बसल्या, उंडा घेतला आणि मांडा दोन्ही हातांवर झुलवत मोठा करून खापरावर टाकला. फाटला नाही. नणंदेला म्हणाल्या, ‘तू कव्हय उनी व माय?’ (केव्हा आलीस गं?) तिच्या दोन्ही मुलांची नावं घेतली. मग माझा हात धरून म्हणाल्या, ‘तू भलती थकी गयी व.’ अर्धा तास अगदी पहिल्यासारख्या होत्या. नंतर इकडेतिकडे बघत विचारलं, ‘हाई कोनं घर शे?’

तेव्हापासून घरात वाद आहे. नणंदबाई म्हणतात, आईला काही झालेलं नाही, गोळ्यांनीच डोकं जड होतं, त्या बंद करा आणि एका बाबांकडे घेऊन चला. जेठ म्हणतात, पुन्हा अशी शुद्धीत आली की शेताच्या कागदावर अंगठा घेऊन टाकू. शेजारच्या बाया म्हणतात, दिवा विझायच्या आधी मोठा होतो. आणि मला एकच विचार छळतो. त्यांना आतून सगळं कळत असेल तर? मी चिडून त्यांना काय काय बोलले आहे.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या एका वाक्यापाशी थांबले. ‘तू भलती थकी गयी व.’ घरातल्या एकाही धडधाकट माणसानं तुम्हाला हे विचारलेलं पत्रात दिसलं नाही. विचारलं ते आक्कांनी. ते खरं होतं आणि ते त्यांचंच होतं. तो आजाराचा खेळ होता किंवा योगायोग होता असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मात्र त्या अर्ध्या तासावरून बाकीचे जे निष्कर्ष काढत आहेत, त्यातला एकही मला पटत नाही. तुमचासुद्धा नाही.

आधी हे झालं कसं ते बघू. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नव्या आठवणी साठवतो, त्याला बहुधा सगळ्यात आधी इजा होते. म्हणून सकाळचं जेवण, कालचा पाहुणा, अलीकडच्या वर्षांतली माणसं आधी जातात. हातांना जडलेली कामं, लहानपणची बोली, जुनी गाणी यांचा साठा मेंदूत निराळ्या ठिकाणी असतो आणि तो बराच उशिरापर्यंत टिकतो. आक्कांनी उभ्या आयुष्यात किती मांडे केले असतील! कणीक किती सैल हवी हे त्यांना आठवावं लागत नाही, बोटांना ते ठाऊक आहे. त्या दिवशी चुलीचा धूर, तापलेलं खापर, पुरणाचा वास, लेकीचा आवाज आणि घरभर चाललेली अहिराणी, हे सगळं एकाच वेळी त्यांच्यापर्यंत पोहोचलं. एरवी बंद असलेली वाट तेवढ्यापुरती मोकळी झाली. वाट मोकळी झाली म्हणजे आजार हटला असं होत नाही. तो होता तिथेच आहे.

लेक ओळखली आणि सून ओळखली नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं असणार. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण ओळींमधून कळतं. लेकीची आठवण त्यांच्या तरुणपणातली, फार जुनी. तुम्ही त्या घरात आलात तेव्हा त्यांचं अर्धं आयुष्य होऊन गेलं होतं. नंतर आलेली माणसं आधी पुसली जातात. यात माया कमीजास्त असण्याचा काही संबंध नाही. आणखी एक, पाहुणा आला, डॉक्टर समोर बसले, की बरेच रुग्ण होतं नव्हतं ते बळ एकवटून नीट बोलतात. सांभाळणाऱ्या बायकांचा हा नेहमीचा अनुभव आहे: दवाखान्यात सासू फटाफट उत्तरं देते आणि डॉक्टर सुनेकडे बघतात. घरी आल्यावर ती थकून गळून जाते आणि संध्याकाळी दुप्पट गोंधळ. नणंदबाईंनी आखाजीचे दोन दिवस पाहिले. तुम्ही वर्षाचे बाकीचे दिवस पाहता.

आता रोजच्या चढउताराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात तुमच्या हातात असलेलं बरंच काही आहे. आक्का एखाद्या सकाळी बऱ्या आणि दुपारी पार हरवलेल्या का असतात? झोप झाली की नाही, पोट साफ झालं की नाही, गुडघे दुखतायत का, कानात मळ आहे का, चष्मा कुठे आहे, पाणी किती प्यायल्या, या सगळ्याचा थेट परिणाम होतो. आपल्या खान्देशात वैशाखात पारा 44-45 च्या घरात जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही, आणि डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंशाचा आजार, असेल तर कळली तरी मागता येत नाही. त्यामुळे दर तासा-दोन तासांनी थोडं पाणी, ताक, पन्हं हातात ठेवायचं, ‘पाहिजे का?’ असं विचारत बसायचं नाही. (हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर मात्र त्यांनाच विचारा.) सर्दीच्या आणि खाजेच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, मेडिकलवरून परस्पर आणलेली झोपेची गोळी, यांनीही गोंधळ वाढतो. असं काही चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. दोन-चार तासांत किंवा एक-दोन दिवसांत आक्का अचानक फार बिघडल्या, गुंगीत राहू लागल्या किंवा भलत्याच चवताळल्या, तर ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसायचं नाही. लघवीतला संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी कमी होणं, साखर खाली येणं, पडून डोक्याला मार लागणं, यातलं काहीही असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी दाखवा. उपचार झाले की त्या बऱ्याचशा पूर्वपदावर येतात, आणि घरच्यांना वाटतं चमत्कार झाला.

हेही लक्षात ठेवा. शुद्ध आणि गोंधळ यांचा हा झोका फार मोठा असेल, सोबत नसलेली माणसं किंवा जनावरं दिसत असतील, चाल आखडून पावलं घसटत पडत असतील, झोपेत हातपाय झाडत असतील, तर तो अल्झायमर नसून लेवी बॉडी नावाचा डिमेन्शिया असू शकतो. चढउतार हे त्याचं मुख्य लक्षणच आहे. अशा रुग्णांना शांत करण्यासाठी दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं गंभीर त्रास देऊ शकतात. यातलं काही दिसत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. बी 12 आणि थायरॉईड तपासलं होतं का, तेही एकदा फाइलमध्ये बघून घ्या.

शेजारच्या बायांची म्हण खोटी नाही, पण ती तुमच्या घराला लागू नाही. अगदी शेवटच्या टप्प्यात, अंथरुणाला खिळलेला, बोलणं बंद झालेला माणूस एकाएकी भानावर येतो, नावं घेतो, निरोप घेतल्यासारखं बोलतो आणि थोड्या दिवसांत जातो, असं जगभर नोंदवलं गेलं आहे. मिशाएल नाम या जर्मन जीवशास्त्रज्ञानं 2009 मध्ये त्याला वेगळं नाव दिलं. ते का होतं याचं उत्तर अजून विज्ञानाकडे नाही, अभ्यास सुरू आहेत. पण भानावर येण्याचा प्रत्येक प्रसंग मरणाची चाहूल असतो हा समज बरोबर नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी सांभाळणाऱ्या लोकांना विचारून याचा अभ्यास केला, तेव्हा अशा प्रसंगानंतर सहा महिन्यांहून जास्त जगलेले बरेच रुग्ण आढळले. आक्का चालतात, जेवतात, चुलीपाशी बसून मांडा करतात. त्यांची तब्येत एरवी तशीच असेल, तर त्या दिवसाला अखेरची खूण समजून रात्र रात्र जागू नका.

आता तुमचा प्रश्न. आक्का आत कुठेतरी सगळं ऐकत, समजत बसल्या आहेत आणि फक्त बोलू शकत नाहीत, असं चित्र तुम्ही मनात रंगवलं आहे. ते तसं नाही. त्या अर्ध्या तासात मेंदूच्या ज्या शक्ती एकत्र आल्या, त्या एरवी विखुरलेल्या असतात. आक्का तुमच्यापासून काही लपवत नाहीत आणि तुमच्या चुकांची यादीही ठेवत नाहीत. मात्र एक गोष्ट खरी आहे आणि ती मी तुमच्यापासून दडवणार नाही. प्रसंग विसरला तरी त्यातून आलेली भावना मागे राहते. 2014 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठानं अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण थोड्या वेळात विसरले, पण मन उदास किंवा प्रसन्न राहिलं ते त्यानंतरही. म्हणजे तुम्ही चिडून बोललात तर का ते विसरून त्या काही वेळ कावऱ्याबावऱ्या राहत असतील. आणि तुम्ही रोज कोमट पाण्यानं पाठ चोळता, केसांना तेल लावता, घास भरवता, तेव्हा कोण भरवतंय हे न कळता त्यांना बरं वाटत राहतं. ज्या बाईचं नाव आठवत नाही, तिचा हात धरून ‘थकलीस’ म्हणावंसं त्यांना वाटलं. ते कुठून आलं असेल असं तुम्हाला वाटतं?

रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना चिडचिड होते. ती कोणाचीही होईल. तोंडून वाकडं गेलं तर थोड्या वेळानं त्यांच्याजवळ बसा, हात हातात घ्या. शब्दांनी माफी मागायची गरज नाही.

पुन्हा असा प्रसंग आला तर हातातलं काम खाली ठेवा. भाजी करपली तर करपू द्या. समोर बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. बोलणं अहिराणीत ठेवा. मुलांशी, टीव्हीशी आपण आता पुस्तकी मराठी बोलतो, पण आक्कांच्या कानाला जी बोली जन्मापासून ओळखीची आहे तिच्यात त्यांना उत्तर सापडणं सोपं जातं. परीक्षा घेऊ नका. ‘मी कोण? हा कोण? सांग बरं याचं नाव काय?’ घरोघरी हेच चालतं, मायेपोटीच चालतं, आणि त्यानंच ती वेळ संपते. नाव आलं नाही की माणूस घाबरतो, ओशाळतो आणि आत जातो. त्यापेक्षा तुम्हीच सांगा, ‘आक्का, मी तुमनी धाकली सून.’ आणि त्या काय म्हणतायत ते ऐका. कुठे दुखतं, काय खावंसं वाटतं, रात्री कशाची भीती वाटते, हे विचारायला यापेक्षा चांगली वेळ नाही. एरवी जे त्यांना सांगता येत नाही ते तेव्हा कळू शकतं. सगळ्या गल्लीला बोलवू नका. मोबाइल काढून तोंडासमोर धरू नका.

कधी कधी या शुद्धीत माणसाला आपल्याला काय झालंय ते कळतं आणि तो रडतो. ‘माले काय व्हयनं?’ असं विचारलं तर ‘काही नाही, तू बरी आहेस’ म्हणून उडवून लावू नका. विसरायचा आजार झालाय, औषध चालू आहे, आम्ही सगळे आहोत, एवढं थोडक्यात सांगा आणि रडू द्या.

आणि मग ते जाईल. त्या पुन्हा घर कोणाचं म्हणून विचारतील. तेव्हा ‘आत्ता तर नीट बोलत होत्या!’ म्हणून त्यांना मागे ओढू नका. घर तुमचंच आहे, या, चहा घेऊ, इतकंच.

जेठांच्या कागदाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. शुद्धीत आलेल्या माणसानं केलेला व्यवहार कायद्याला मान्य असू शकतो, हे खरं. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 12 मध्ये ते लिहिलेलं आहे, आणि 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 59 मध्ये मृत्युपत्राबद्दलही तसंच आहे. पण त्याच कायद्यांना हेही लागतं की सही करणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत असलं पाहिजे: जमीन कोणती, कोणाच्या नावे जाते, आपल्याकडे मग काय उरतं. कणीक सैल आहे की घट्ट हे कळणं वेगळं, हक्कसोड किंवा बक्षीसपत्र कळणं वेगळं. अल्झायमरचं निदान कागदोपत्री असलेल्या बाईचा अंगठा घरातल्या एकानं घाईघाईत घेतला, तर उद्या दुसरा भाऊ किंवा बहीण कोर्टात जाईल, आणि त्या वेळी त्या शुद्धीवर होत्या हे दाखवायचा भार कागद पुढे करणाऱ्यावर पडेल. डॉक्टरांनी त्याच सुमारास तपासून दिलेला दाखला, निःपक्ष साक्षीदार, स्वतःच्या तोंडानं सांगितलेली इच्छा, यातलं काहीच हातात नसेल तर सातबारावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालतो. खान्देशात असे तंटे कमी आहेत का? जेठांना म्हणा, आधी दिवाणी वकिलाला भेटा, मग मानसोपचारतज्ज्ञांना विचारा की आक्का आता असा निर्णय घेऊ शकतात का. ते नाही म्हणाले तर विषय संपला. वारसा हक्क कायद्यानं जे व्हायचं ते होईल.

आणि कायद्याच्या पलीकडे माझं मत विचाराल तर, आक्कांना जो अर्धा तास मिळतो तो आक्कांचा आहे. त्यांच्या बोटाला शाई लावण्यात तो घालवायला माझा ठाम विरोध आहे. हे तुम्ही धाकट्या सुनेनं बोलायचं नाही. तुमच्या यजमानांनी त्यांच्या भावाशी बोलायचं.

गोळ्या बंद करू नका. डोनेपेझिलसारखी औषधं आजार बरा करत नाहीत, पण काही रुग्णांची समज काही काळ टिकवून धरतात, आणि एकदम थांबवली तर माणूस झपाट्यानं खाली जाऊ शकतो. गुंगी येते, मळमळ होते, जेवण तुटलं आहे असं खरंच असेल तर डॉक्टर मात्रा बदलतील. बाबांकडे नेण्यावरून भांडू नका. हात जोडायला नेलं तर हरकत नाही, पण औषध थांबवायचं नाही, कसला काढा पाजायचा नाही आणि भर उन्हात गाडीतून फिरवायचं नाही, एवढ्या अटी घाला. नणंदबाईंच्या मनात लबाडी आहे असं मला वाटत नाही. आई परत मिळाल्यासारखं अर्धा तास वाटलं, ते हातचं सोडवत नाही. तुम्ही त्यांना सांगा की आईनं तुम्हाला ओळखलं ते खरंच होतं. मग सांगा, आता पंधरा दिवस इथेच राहा, रात्रीचं उठणं आपण वाटून घेऊ. मला वाटतं, वाद तिथेच निम्मा होईल.

भारतात साठीपुढच्या दर 100 माणसांत साधारण 7 जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे 88 लाखांच्या आसपास रुग्ण. त्या बहुतेक घरांत सगळा भार एकाच बाईवर असतो. तुम्ही थकला आहात हे आक्कांना दिसलं. आठवड्यातून दोन रात्री तुमच्या यजमानांनी आक्कांच्या खोलीत झोपायचं, हे आजच ठरवा. दिवसा दोन तास कुणी शेजारी बसलं तर तुम्ही दार लावून झोपा, त्या वेळात घर आवरू नका. फारच कोंडल्यासारखं झालं तर 14416 वर टेली-मानसला फोन करा, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. खासगी खर्च झेपेना झाला तर तिथल्या मनोविकार विभागात दाखवता येईल.

एक साधी वही करा. आक्का कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ नीट होत्या, त्याआधी झोप, जेवण, पाणी कसं होतं, काय बोलल्या, ते दोन ओळींत लिहा. वाईट दिवसांचंही तसंच. डॉक्टरांना दहा मिनिटांत जे सांगता येत नाही ते त्यांना वहीत दिसेल. पुढच्या तारखेला ही वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि नणंदबाई, तिघांनाही सोबत न्या.